पडद्याच्या अलीकडचा माणूस

सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातला एखादा पाडा डोळ्यासमोर आणा. तिथल्या आजीचा नातू नाशिकला कामाला आहे. घराजवळ रेंज नाही, म्हणून सुनेबरोबर ती संध्याकाळी टेकडी चढते, एका ठरलेल्या दगडापाशी उभी राहते आणि नातवाला व्हिडिओ कॉल लावते. चित्र अडकतं, आवाज मागेपुढे होतो, पण नातू दिसतो. जेवलास का, पगार झाला का, सगळं विचारून होतं.

याच आजीला गेले दोन महिने धाप लागते. चार पावलं चढली की डोळ्यांपुढे अंधारी येते. मग प्रश्न असा पडतो, की नाशिकचा नातू ज्या फोनमध्ये दिसतो, त्याच फोनमध्ये नाशिकचा डॉक्टर का दिसू नये?

प्रश्न भाबडा नाही. सरकारनं त्याचं उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न केला आहे आणि तो बऱ्याच अंशी यशस्वीही झाला आहे. तरीही आजीपर्यंत डॉक्टर पोहोचेल की नाही हे फोनवर थोडं आणि फोनच्या आजूबाजूच्या गोष्टींवर बरंच जास्त अवलंबून आहे. त्या गोष्टी एकेक करून उलगडायला हव्यात.

टाकी आणि नळ

दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या पद्धतीला टेलिमेडिसिन म्हणतात. मराठीत दूरवैद्यक. भारतात ही कल्पना स्मार्टफोनच्या आधीची आहे. २००१ पासून इस्रोनं उपग्रहाच्या मदतीनं दूरची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली. कर्नाटकातलं चामराजनगरचं जिल्हा रुग्णालय बेंगळुरूच्या हृदयरुग्णालयाशी जोडलं गेलं, ते याच काळात. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न तिथवर जाऊन खाली यायचा, उत्तरही त्याच वाटेनं यायचं. त्यामुळे प्रत्येक प्रश्नोत्तरात जवळपास अर्ध्या सेकंदाची फट पडायची. तरी काम चालत होतं.

खरी गती आली ती २०२० मध्ये. त्याआधी डॉक्टरांच्या मनात कायद्याची धास्ती होती. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात रुग्णाला न तपासता फोनवरून औषधं सांगितल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. न्यायालयानं संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा फोनवर सल्ला द्यावा की नाही, असा प्रश्न देशभरच्या डॉक्टरांना पडला. २५ मार्च २०२०, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्रानं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. फोनवर, व्हिडिओवर किंवा लेखी संदेशावर कोणती औषधं देता येतील, कोणती मुळीच नाहीत, रुग्णाची संमती कधी गृहीत धरायची आणि कधी स्पष्ट घ्यायची, हे त्यात पहिल्यांदा लिहून ठेवलं गेलं. पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारख्या गोष्टी कशाही माध्यमातून सांगता येतात. काही औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवरच व्हावी लागते. गुंगीची आणि व्यसन लागू शकणारी औषधं या मार्गानं देताच येत नाहीत.

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा मोहालीच्या सी-डॅक या संस्थेनं विकसित केली. तिचा एक मार्ग उपकेंद्रातून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरकडे जातो, तो २०१९ च्या अखेरीस सुरू झाला. दुसरा मार्ग घरबसल्या थेट डॉक्टरकडे नेतो, तो एप्रिल २०२० मध्ये खुला झाला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेवरच्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली.

एवढा मोठा आकडा पाहून वाटतं, की डॉक्टरांचा तुटवडा आता मिटणार. इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. गावातल्या पाण्याच्या टाकीला दहा नळ होते, आपण ते शंभर केले. पाणी आता गावाच्या टोकापर्यंत पोहोचतं आणि ही मोठीच सोय झाली. पण टाकीतलं पाणी वाढलं का? दूरवैद्यक हा नळ आहे. टाकीत असतो डॉक्टरांचा वेळ. केंद्राच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार २०२१-२२ मध्ये ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, तज्ज्ञ डॉक्टरांची तूट सुमारे ८० टक्के होती. जिल्हा रुग्णालयातला एक फिजिशियन रोज दोन तास पडद्यासमोर बसला, तर ते दोन तास बाहेरच्या ओपीडीतून जातात. पहाटेची एसटी पकडून आलेला कुणीतरी तिथे केसपेपर हातात घेऊन बसलेला असतो.

म्हणून दूरवैद्यकात न्याय्य वाटपाचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच असतो. नवे नळ कुणाच्या दारात बसवले आणि टाकीत भर कोण घालतंय, हे दोन्ही एकदमच विचारावं लागतं.

पडद्यावरून काय दिसतं

आता आजीला डॉक्टर मिळाला असं धरू. टेकडीवरच्या दगडापाशी ती फोन धरून उभी आहे. डॉक्टर विचारतो, "काय होतंय?" आजी पावरी बोलते, डॉक्टरला मराठी आणि हिंदी येते. सून मध्ये पडून सांगते, "दम लागतो म्हणते."

डॉक्टरला पहिली शंका येते रक्त कमी असल्याची. समोर रुग्ण असता तर त्यानं खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहिला असता. तो लाल आहे की फिकट, यावरून अंदाज बांधला असता. फोनवर हे जमत नाही, आणि त्याला एक तांत्रिक कारण आहे. फोनचा कॅमेरा रंग जसाच्या तसा दाखवत नाही, भोवतालच्या उजेडानुसार आपोआप दुरुस्त करतो. पिवळ्या बल्बखाली पांढरं पांढरंच दिसावं, म्हणून तो सगळ्या चित्रातला पिवळेपणा कमी करतो. लग्नाच्या फोटोसाठी हे उत्तम. पण कावीळ ओळखताना नेमका तो पिवळेपणाच पाहायचा असतो. फिकटपणाचंही तेच. संध्याकाळच्या तांबूस उजेडात आजीची पापणी चांगली लालबुंद दिसू शकते.

पोट दाबून कुठे दुखतं ते पाहणं, पायाच्या सुजेवर बोट रोवून खड्डा पडतो का ते बघणं, छातीत घरघर आहे का ते ऐकणं, यातलं काहीच त्या दगडापाशी होत नाही.

यंत्रं मदतीला आहेत, पण त्यांचेही डोळे सगळ्यांना सारखे पाहत नाहीत. करोनाकाळात घरोघर पोहोचलेला ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडतो आणि तो किती शोषला गेला यावरून रक्तातला प्राणवायू मोजतो. त्वचेतलं रंगद्रव्यही थोडा प्रकाश शोषतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं, की प्राणवायू प्रत्यक्षात कमी असताना ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतो, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. सावळ्या कातडीच्या देशात दुरून उपचार करताना ही गोष्ट डॉक्टरच्या लक्षात असलीच पाहिजे.

मधला माणूस

हाच प्रसंग दुसऱ्या ठिकाणी घडवून पाहू. आजी टेकडीवर न जाता उपकेंद्रात गेली आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात साधारण ३,००० लोकवस्तीमागे एक आणि सपाटीवर ५,००० मागे एक उपकेंद्र असावं, असा निकष आहे. बरीच उपकेंद्रं आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' या नावानं ओळखली जातात आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतो. सगळे त्याला सीएचओच म्हणतात. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधर बरेच आहेत, परिचर्या शिकलेलेही आहेत.

सीएचओ आजीला खुर्चीवर बसवते. रक्तदाब घेते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्तावर हिमोग्लोबिन पाहते. पायाच्या सुजेवर अंगठा दाबून धरते, सोडते आणि खड्डा भरायला किती वेळ लागतो ते बघते. मग टॅबवर डॉक्टरशी जोडून घेते. कॉल लागण्याआधीच तीन-चार आकडे डॉक्टरपुढे असतात. आजी पावरीतून सांगते आणि जवळच्याच गावची आशाताई ते मराठीत आणते. "दम लागतो" एवढ्यावर ती थांबत नाही. "चुलीपुढे बसली की जास्त होतं, रात्री दोन उशा लागतात," हेही सांगते. हे दुसरं वाक्य ऐकून डॉक्टर सावरून बसतो, कारण आडवं झाल्यावर दम लागणं ही हृदयाची तक्रार असू शकते.

फोनच्या जागी टॅब, डॉक्टर तोच. फरक केला तो पडद्याच्या अलीकडे, आजीच्या शेजारी बसलेल्या या दोघींनी.

[चौकट: दूरवैद्यकाच्या तीन वाटा]
*थेट सल्ला:* रुग्ण स्वतःच्या फोनवरून डॉक्टरशी बोलतो. शिकलेल्या, चांगली रेंज असलेल्या माणसाला सोयीचा.
*साहाय्यित सल्ला:* रुग्णाजवळ प्रशिक्षित कर्मचारी असतो. तो तपासतो, आकडे देतो, दुभाषा होतो. डॉक्टर दूर असतो.
*साठवून पाठवणं:* फोटो, ईसीजी किंवा स्कॅन घेऊन ठेवायचा, रेंज मिळेल तेव्हा पाठवायचा आणि डॉक्टरनं सवडीनं पाहायचा. त्वचा, डोळे आणि क्ष-किरण चित्रांसाठी उपयोगी. त्याच वेळी कॉल जोडावा लागत नाही, म्हणून कमी रेंजमध्येही चालतं.
[चौकट समाप्त]

या मधल्या माणसाचं महत्त्व फार नीट ओळखलं ते मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयानं. डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेलं हे रुग्णालय. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी खेड्यांत लहान लहान दृष्टिकेंद्रं उघडायला घेतली. तिथे डोळ्यांचा डॉक्टर नसतो. असते ती आसपासच्या गावातली, बारावीनंतर दोन वर्षं प्रशिक्षण घेतलेली मुलगी. ती नंबर काढते, डोळ्याच्या आतलं चित्र घेते आणि मुख्य रुग्णालयातल्या डॉक्टरशी रुग्णाची व्हिडिओवर गाठ घालून देते. चष्मा लागत असेल तर त्याची व्यवस्था तिथल्या तिथे होते. तेनी भागात त्यांच्याकडे धड इंटरनेट नव्हतं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या अभियंत्यांनी साध्या वायफायची यंत्रं उंच मनोऱ्यांवर बसवून कित्येक किलोमीटर लांबचा दुवा जोडून दिला. त्या वायफायचं जगभर कौतुक झालं. खरं कौतुक त्या मुलीचंही तेवढंच व्हायला हवं, कारण तिच्याशिवाय त्या मनोऱ्यावरून नुसताच आवाज गेला असता.

सरकारी आकड्यांतही हेच दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. ग्रामीण भागात तर स्त्रियांचं प्रमाण २५ टक्क्यांच्याही आत. एवढ्यावरून कुणीही म्हणेल, की ई-संजीवनी मुख्यतः पुरुषांनी वापरली असणार. प्रत्यक्षात १० कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला तेव्हा लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. या सेवेतले बहुतेक सल्ले घरच्या फोनवरून झालेलेच नाहीत, ते उपकेंद्रातून झाले आहेत. तिथे बाईला अॅप उघडावं लागत नाही, पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. ती लसीकरणाला येते तशीच येते आणि बाकड्यावर बसते.

फोन कुणाचा, ओटीपी कुणाला

घरबसल्याच्या मार्गावर पहिली पायरी असते मोबाइल नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी. शहरात हे श्वासाइतकं सहज झालं आहे. पण घरात फोन एकच असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार असलेल्या सुनेनं करायचं काय? ओटीपी येणार त्याच्याकडे. औषधांची चिठ्ठीही त्याच्याच फोनवर. हिंसेची तक्रार किंवा गर्भनिरोधनाचा सल्ला असेल, तर हा दरवाजा तिच्यासाठी बंदच.

यावर उपाय फार महागडे नाहीत. एका नंबरवर घरातल्या अनेकांची वेगवेगळी नोंद, चिठ्ठी फोनवर न पाठवता केंद्रातच छापून देण्याची सोय, आणि उपकेंद्रात पडदा लावलेला कोपरा. शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त विसरली जाते. खोलीत दहा माणसं बसलेली असताना टॅबचा स्पीकर चालू ठेवून कोण मोकळेपणानं बोलेल?

आवाजालाही कमी लेखू नये. व्हिडिओसाठी जेवढी रुंद वाट लागते, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही आवाजाचं काम भागतं. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलिमानस' सेवा १४४१६ या नंबरवर चालते. त्यासाठी बटणांचा साधा फोनही पुरतो. स्मार्टफोन नसलेल्या माणसाला हे दार खुलं राहतं.

खाणावळीचं गणित

नवी सोय सर्वांत आधी कोण वापरतं? ज्याला तिची गरज सर्वांत कमी, तो. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात आयुष्य काढलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये हेच सूत्ररूपानं मांडलं होतं. जिथे आजार जास्त तिथे चांगली सेवा कमी, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती जाईल तितकं हे व्यस्त प्रमाण वाढत जातं, असा त्याचा आशय. दूरवैद्यकानं हे चक्र उलटं फिरवायचं की त्याला आणखी जोर द्यायचा, हे त्याची रचना कशी केली यावर ठरतं.

लंडनमध्ये २०१७ च्या अखेरीस घडलेला प्रसंग यासाठी समजून घेण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये सरकार प्रत्येक दवाखान्याला, त्याच्याकडे नाव नोंदवलेल्या माणसांमागे ठरावीक रक्कम देतं. ही रचना खाणावळीसारखी आहे. महिन्याचा दर जवळपास सारखाच. कुणी दोन पोळ्या खातो, कुणी सहा. दोन पोळ्यांवाल्यांच्या बचतीत सहा पोळ्यांवाले भागतात. लंडनमध्ये बॅबिलॉन या कंपनीच्या तंत्रावर चालणारी मोबाइलवरची नवी सेवा आली आणि तिच्याकडे नाव नोंदवलं, की जुन्या दवाखान्यातून नाव कमी व्हायचं. गरोदर स्त्रिया, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अशांना ही सेवा कदाचित सोयीची पडणार नाही, असं सुरुवातीला सांगितलं जात होतं. तिकडे गेले ते बहुतांश तरुण आणि धडधाकट लोक. दोन पोळ्यांवाले नव्या खाणावळीत गेले आणि सहा पोळ्यांवाले जुन्या खाणावळीत राहिले. वयानुसार दरात थोडाफार फरक होता, पण तो सगळी तफावत भरून काढणारा नव्हता. आसपासच्या दवाखान्यांतून याविरुद्ध मोठी ओरड झाली. पुढे २०२३ मध्ये ती कंपनीच कोसळली.

भारतातल्या सरकारी सेवेत पैसे माणशी मोजून दिले जात नाहीत, पण वेळेच्या बाबतीत असंच होऊ शकतं. घरबसल्याचा मार्ग आणि उपकेंद्राचा मार्ग एकाच रांगेत, एकाच डॉक्टरकडे सोडले, तर वेगवान नेट असलेला शहरातला तरुण सर्दीसाठी आधी आत शिरेल आणि तीनदा कॉल तुटलेली आजी बाकावर राहील. म्हणून उपकेंद्रांसाठी डॉक्टरांचा वेळ वेगळा राखून ठेवणं आणि तुटलेला कॉल परत लागला की त्याला रांगेच्या शेवटी न टाकता आधीच्याच जागी घेणं या दोन गोष्टी आवश्यक आहेत. दुसरी तर संगणकाच्या प्रणालीतला छोटासा बदल आहे.

चिठ्ठीच्या पुढे

डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली. ती औषधं उपकेंद्राच्या कपाटात आहेत का? धोरणानुसार उपकेंद्राच्या पातळीवर १०५ औषधं आणि १४ तपासण्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात १७२ औषधं मिळायला हवीत. पण दूर बसलेल्या डॉक्टरला कपाटात आज काय शिल्लक आहे ते पडद्यावर दिसत नसेल, तर तो सवयीनं भलतंच नाव लिहील आणि आजीला तालुक्याच्या मेडिकलमध्ये पदरचे पैसे मोजावे लागतील. सल्ला फुकट, औषध विकत. सरकारी दूरवैद्यकाची ही सर्वांत जास्त टाळता येण्यासारखी चूक आहे, आणि औषधसाठ्याची यादी चिठ्ठीच्या पानाशी जोडली की ती बरीचशी टळते.

हिमाचल प्रदेशात २०१४ च्या सुमाराला नेमका हाच धागा पकडला गेला. मेंदूत रक्ताची गाठ अडकून पक्षाघात झाला, तर साडेचार तासांच्या आत गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. डोंगराळ राज्यात मेंदूतज्ज्ञ मोजके, तेही सिमल्याला आणि टांड्याला. तिथल्या डॉक्टरांनी खास यंत्रणेची वाट पाहिली नाही. सीटी स्कॅन असलेल्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी स्कॅनचा फोटो स्मार्टफोनवर व्हॉट्सअॅपनं पाठवायचा, तज्ज्ञानं पाहून हो किंवा नाही सांगायचं. आणि एरवी हजारो रुपयांना मिळणारं ते इंजेक्शन सरकारनं मोफत पुरवलं. इंजेक्शन जवळ नसतं, तर तज्ज्ञाच्या "हो"चा काय उपयोग झाला असता?

चिठ्ठीत कधी औषध नसतं, फक्त एक वाक्य असतं: ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आजीच्या बाबतीत असंच झालं असं समजू. हिमोग्लोबिन फार कमी, पायाला सूज, हृदयाची शंका. पडद्यावर हे सल्लामसलतीचं एक पूर्ण झालेलं प्रकरण म्हणून नोंदलं जातं आणि कोट्यवधींच्या आकड्यात एकाची भर पडते. प्रत्यक्षात आजीचा प्रवास इथून सुरू होतो. जीप, तिचं भाडं, सुनेची बुडालेली मजुरी, रुग्णालयात गेल्यावर पुन्हा नवा केसपेपर. पावसाळा असेल आणि पाडा गडचिरोलीतल्या भामरागडच्या आसपासचा असेल, तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद.

म्हणून सल्ल्यांची संख्या मोजायची तर तिच्या शेजारी आणखी तीन संख्या मोजल्या पाहिजेत: किती कॉल मध्येच तुटले, किती जणांना लिहिलेलं औषध त्याच दिवशी हातात मिळालं, आणि पुढे पाठवलेल्यांपैकी किती जण खरंच पोहोचले. सीएचओंचा काही मोबदला कामगिरीशी जोडलेला असतो. तो नुसत्या कॉलच्या संख्येवर मोजला तर कॉल वाढतील. तिसऱ्या संख्येवर मोजला तर सीएचओ आठव्या दिवशी आशाताईला फोन करून विचारेल.

आशाताई पाड्यावर जाते. आजी अंगणात बसलेली आहे, गेलेली नाही. "जीप मंगळवारीच येते आणि मंगळवारी सुनेला कामावर जायचं होतं," असं ती पावरीतून सांगते. आशाताई वहीत आजीच्या नावापुढे 'पोहोचली का' या रकान्यात 'नाही' लिहिते, खाली कारण लिहिते आणि पुढच्या मंगळवारी सुनेऐवजी कोण जाऊ शकेल ते विचारायला शेजारच्या घराकडे वळते.